कोंबडीचं तोंड

ताई कोक च्युई, हाँगकाँग
४ ऑक्टोबर १९९३

वहिनी,

धडधाकट कंपनी मारायला काय खर्च येतो ते ऐका. सरकारी राजपत्रात एक जाहिरात, वर्तमानपत्रांत दोन, शपथपत्राचे मुद्रांक आणि औ साहेबांची फी, मिळून एकतीस हजार डॉलर. हे झालं पावत्यांवरचं. पावती न मिळालेलं असं: पितळी पाटी उतरवताना भिंतीचा हातभर गिलावा निघाला, दादांनी लावलेला पाण्याचा नळ कुणीतरी काढून नेला, आणि माझी सकाळ गेली. पाच वाजता डोळा उघडतो. उघडून काय करायचं, हे चार महिने झाले तरी कुणी सांगितलेलं नाही.

औ साहेब म्हणजे कंपनी मोडायला आपण नेमलेला हिशेबतपासनीस. कायद्यात त्याला परिसमापक म्हणतात. मी त्याला मयताचा पुजारी म्हणतो. फरक इतकाच, की पुजारी मेलेल्याला पोचवतो आणि हा जिवंताला.

जिवंताला म्हणतो, कारण आपली ‘त्सुन ली’ काही बुडाली नव्हती. जूनमध्ये ठरावावर सह्या केल्या तेव्हा मी शपथेवर लिहून दिलं, की ही कंपनी कुणाचा एक सेंटही देणं लागत नाही. ते खरंच होतं. अर्धा हिस्सा माझा, अर्धा लुकदादांचा, दादा गेल्यापासून तो तुमचा. तिसरा भागीदार नाही, कर्ज नाही, भांडण नाही. पिंपांत मिठाच्या पाण्यातलं आलं अजून तसंच आहे.

आता मुद्द्याचं. मोडलेलं जोडता येतं. मी यिप नावाच्या वकील बाईंना गाठलं. वयाने माझ्या मुलीसारख्या आहेत, पण बोलताना माझ्या आईसारख्या रागावतात. त्या म्हणाल्या, दोन्ही भागीदार राजी असतील आणि कुणाचं देणं नसेल तर न्यायाधीश कंपनी मोडणं रद्द करू शकतात. मात्र २० डिसेंबरला औ साहेब शेवटची सभा घेणार. त्यानंतर नाव वहीतून कायमचं जाईल. त्याआधी तुमची संमतीची सही हवी. कागद सोबत आहे.

घाई अशासाठी, की रॉटरडॅमच्या जुन्या गिऱ्हाइकाने पाकातल्या आल्याच्या आठशे बरण्या मागितल्यात. माणसांची काळजी तुम्ही करू नका. मी फाटकात उभा राहून एक हाक मारली की चाळीस बायका सुऱ्या घेऊन हजर होतील. माझे कानही अजून शाबूत आहेत. चाळीसजणी आलं सोलत बसल्या तरी कुणाची सुरी बोथट झाली ते मी दाराबाहेरून सांगेन.

कारखाना होता तसाच आहे. फक्त खुंटीवर कुणाची तरी फुलाफुलांची छत्री राहून गेली आहे.

तिकडे थंडी पडली असेल. जपा.

सेतो पिंग-कुन


स्कारबरो, टोरांटो
१६ ऑक्टोबर १९९३

भावजी,

मी इथे येऊन सात महिने झाले. त्यात तुमची दोन पाकिटं आली, आणि दोन्ही सहीसाठी. जूनच्या पाकिटात तर चिठ्ठीसुद्धा नव्हती. नुसता ठराव, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली. मी फुलीवर सही केली. आणखी काय करणार होते? या वेळी निदान दोन पानं लिहिलीत, म्हणजे नड मोठी दिसते.

मी इथे मजेत आहे. होंगचं घर मोठं आहे, मला वेगळी खोली आहे. नातू मला क्षणभर सोडत नाही. सून सकाळी गरम दूध हातात आणून देते. पायऱ्या फार चढाव्या लागत नाहीत.

आठशे बरण्यांचं वाचून हसू आलं. त्या रॉटरडॅमवाल्याला वर्षाला साठ बरण्या खपवताना घाम फुटायचा. त्याची पत्रं तुम्ही मलाच वाचायला द्यायचात, विसरलात का?

कारखाना चालवायचाच असेल तर नवी कंपनी काढा. तुम्ही स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस, हे तुम्हीच सांगत असता. दार बाहेरून ओढून घेणाऱ्याने आतल्या माणसाला ‘कडी का लावलीस’ म्हणून विचारू नये.

कागद मी ठेवून घेतला आहे. सही केलेली नाही.

लुक याउ-मुई


ताई कोक च्युई
२७ ऑक्टोबर १९९३

वहिनी,

बरं. आठशे बरण्या नाहीत. त्याने फक्त दरपत्रक मागवलं आहे. तेही त्याच्या मुलाने, आणि बहुधा चुकून.

खोटं पकडलंच आहे तर उरलेलंही सांगतो. कारखान्याच्या किल्ल्या औ साहेबांकडे आहेत, कारण मोडलेल्या कंपनीचा मालक तो. मालमत्तेवर लक्ष ठेवायला त्याला रखवालदार हवा होता. मी अर्ज केला. तो म्हणाला, ‘सेतो साहेब, थट्टा करता का?’ मी म्हणालो, ‘तुम्हाला यापेक्षा माहीतगार माणूस मिळेल का? कुठली खिडकी लागत नाही ते मला पाठ आहे.’ तेव्हा माझ्याच कारखान्यात मी रोज नव्वद डॉलरवर रखवालदार आहे. शनिवारी सही करून पगार घेतो. समोरचा भातवाला मला बघून म्हणतो, ‘काय कुनशेट, आज पण उंदीर मोजायला?’

करतो काय म्हणाल, तर पिंपांवरची झाकणं पुसतो. मीठ उतरलं का ते चाखतो. तुमच्या खिडकीजवळच्या स्टुलावर धूळ बसते ती झटकतो. ते स्टूल दुसऱ्या कुणाच्या बुडाखाली जाऊ द्यायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. दुपारी त्याच्याशेजारी बसून डबा खातो. हे कुणाला सांगू नका.

नवी कंपनी का काढत नाही? खाद्यपदार्थांचा परवाना जुन्या नावावर आहे, जागेचा करारही, हे एक. पण परवाना पुन्हा मिळेल. दुसरं असं. भागधारकांच्या वहीत पहिल्या ओळीत ‘लुक’ आहे आणि दुसऱ्या ओळीत मी. एक्कावन्न साली आम्ही दोघे कावड घेऊन यायचो. कावड दादांच्या खांद्यावर आणि ओरडणं माझ्याकडे. लोक म्हणायचे, एक बैल आणि एक कोंबडा. वही केली तेव्हा दादा म्हणाले, ‘तुझं वर लिही, गिऱ्हाइकं तुझ्या आवाजाला येतात.’ मी त्यांचं लिहिलं. आयुष्यात लाजेकाजेने केलेली तेवढी एकच गोष्ट असेल. नव्या वहीत पहिली ओळ माझी असेल. ती मला बघवणार नाही.

आता यिप बाईंची अडचण. त्या म्हणाल्या, ‘न्यायाधीशाला कारण लागतं. कंपनी सधन होती, भांडण नव्हतं, मग बंद का केलीत?’

मी म्हणालो, ‘मन उडालं.’

‘मनाला शपथपत्रात जागा नाही. नेमकं काय झालं?’

‘वहिनी गेल्या.’

‘का गेल्या?’

मी म्हणालो, ‘मुलाने बोलावलं.’ त्यांनी लिहून घेतलं, पण पेन काही खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, ‘हे त्यांच्या तोंडून हवं. दोन्ही शपथपत्रं जुळली पाहिजेत.’

तेव्हा तुम्हीही लिहा. मी असं लिहून दिलं आहे: होंगने आईला बोलावलं, त्या गेल्या, मला एकट्याला रेटेना, म्हणून बंद. वर्षअखेरच्या जेवणानंतर दुसऱ्याच दिवशी तुम्ही कचेरीत आलात आणि म्हणालात, ‘होंग बोलावतोय.’ मी ‘बरं’ म्हणालो. तसंच लिहा, म्हणजे जुळेल.

पिंग-कुन


स्कारबरो
९ नोव्हेंबर १९९३

भावजी,

शपथेवर लिहायचं तर मला खोटं लिहिता येणार नाही. सासूबाई कडक होत्या, त्या माझ्या हाडात शिरल्या आहेत.

होंगने मला बोलावलं नाही. मी त्याला फोन केला आणि म्हणाले, मला घेऊन जा. त्याने तळघर रंगवून घेतलं. पायऱ्या चढाव्या लागत नाहीत असं लिहिलं होतं ना? उतराव्या लागतात.

मी का गेले ते तुम्हाला माहीत नाही, असं तुम्ही कागदावर लिहू शकता, याचं मला नवल वाटतं. एकोणतीस वर्षं मी तुमच्या कारखान्यात बसले. तुमचे दादा गेले त्याच्या तेराव्या दिवशी हातात सुरी घेतली. तुम्ही तोंडाने ‘जा’ म्हणाला असतात तर मी उभ्या उभ्या भांडले असते आणि तिथेच राहिले असते.

पण आपल्याकडे मालक तोंडाने ‘जा’ म्हणत नाही. कोंबडी म्हणते. हे मी तुम्हाला शिकवायचं? वर्षअखेरच्या जेवणात अख्खी कोंबडी येते आणि तिचं तोंड ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षात कामावर यायचं नाही. म्हणून चांगला मालक ते तोंड आधी स्वतःकडे फिरवतो, आणि मग माणसांच्या घशाखाली भात उतरतो. दादा असेतो तुम्ही फिरवायचात. दादांनंतरही. कारखान्याच्या मागच्या पडवीत, लाकडी टेबलावर, स्वतःच्या हाताने.

या वर्षी तुम्हाला थाट सुचला. काचेचं फिरतं टेबल असलेल्या हॉटेलात नेलंत. कोंबडी आली. तुम्ही तोंड स्वतःकडे केलंत, ते मी पाहिलं. मग गप्पा मारता मारता काच फिरवलीत. कोंबडी माझ्यासमोर येऊन थांबली. चोच सरळ माझ्या छातीकडे. माझ्याबरोबर सोलणाऱ्या सान काकूने हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. मला वाटलं, आता तुमच्या लक्षात येईल. तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात आणि म्हणालात, ‘घ्या वहिनी, संकोच करू नका.’

मी संकोच केला नाही. दुसऱ्या दिवशीच कचेरीत आले.

हे मी न्यायाधीशाला लिहू? एका कोंबडीपायी? सून म्हणते, इथे असलं काही सांगितलं तर डॉक्टरकडे पाठवतील.

सही केलेली नाही.

याउ-मुई


ताई कोक च्युई
१९ नोव्हेंबर १९९३

वहिनी,

तुमचं पत्र मी पिंपावर बसून वाचलं, मग उठून फाटकाला आतून कुलूप घातलं आणि पुन्हा वाचलं.

अळकुड्या. वहिनी, त्या अळकुड्या होत्या. डुकराच्या मांसात शिजवलेल्या, तुम्हाला आवडतात तशा, पिठाळ. मी आचाऱ्याला तीनदा बजावून करून घेतल्या होत्या. वाडगा माझ्यासमोर होता आणि तुमचा हात पोचत नव्हता. म्हणून काच फिरवली. वाडगा तुमच्यापर्यंत नेला आणि म्हणालो, ‘घ्या वहिनी.’ कोंबडी त्याच काचेवर होती. लाकडी टेबलावर चाळीस वर्षं जेवलेल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही, की एक भांडं फिरवलं की सगळी फिरतात.

तरी मला वाटलं, तुम्ही एकट्यांनीच असं घेतलं असेल. म्हणून काल बस पकडून सान काकूंकडे गेलो. त्या लेकाच्या घरी चौदाव्या मजल्यावर नातीला भरवत होत्या. मला बघून त्यांनी चमचा खाली ठेवला नाही, बसाही म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, ‘काकू, त्या रात्री कोंबडीचं तोंड कुणाकडे होतं?’

‘आता विचारताय?’ त्या म्हणाल्या. ‘अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. तुम्ही लुकवहिनींना काढलंत. दादांच्या बायकोला! त्या रात्री आम्ही बसमध्ये रडलो.’

‘मग मला विचारलं का नाहीत?’

‘मालकाला कोण विचारतं हो? आज त्यांच्याकडे चोच, उद्या आमच्याकडे. तुम्ही निरोपाची पाकिटं वाटलीत तेव्हा आम्ही मोजूनसुद्धा पाहिली नाहीत. म्हटलं, यांनी वहिनींना नाही सोडलं, आपण कोण? घेतली आणि सुटलो.’

मी अळकुड्यांचं सांगितलं. त्यांनी नातीचं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, ‘कुनशेट, देवाने तुम्हाला कान दिले, डोळे द्यायला विसरला.’ पण वहिनी, कानांचीही काय फुशारकी सांगू? चाळीस सुऱ्यांत एक बोथट ओळखणारा मी. चाळीस माणसं एकदम गप्प झाली, ते मला ऐकू आलं नाही. मी गाढवासारखा अळकुड्यांची तारीफ करत होतो.

आणि तुम्ही ‘होंग बोलावतोय’ म्हणालात तेव्हा ‘बरं’ म्हणालो, कारण मला वाटलं, हिलाही आता इथे कंटाळा आला. माझी बायको गेली, मुलगी सिडनीला गेली, सत्त्याण्णवला चीनचं राज्य येणार या भीतीने निम्मं शहर विमानात बसलं. म्हटलं, वहिनीच तेवढी कशी उरेल? ‘थांबा’ म्हणायला जीभ उचलली नाही. जो स्वतःच्या बळावर वर येतो ना, त्याला ‘थांबा’ म्हणायची सवय नसते. जूनच्या पाकिटात चिठ्ठी होती. दोन ओळींची. पाकीट बंद करताना काढून घेतली. त्यात लिहिलं होतं, ‘मोडायची नसेल तर सही करू नका.’

तुम्ही फुलीवर सही केलीत. मी समजलो, तुम्हाला मोडायचीच होती.

आता तुम्हाला वाटेल ते करा. मी २० तारखेची आठवण करून देणार नाही.

पिंग-कुन


स्कारबरो
२ डिसेंबर १९९३

भावजी,

सही केली. होंगने आज कचेरीतून सुटी घेऊन मला नोटरीकडे नेलं. कुरिअरने पाठवते आहे. पत्रासारखं दहा दिवस रखडायला नको.

शपथपत्रात मी कोंबडीचंच लिहिलं. नोटरी पाकिस्तानी आहे, भला माणूस. त्याने दोनदा विचारलं, ‘चिकन?’ होंग म्हणाला, ‘हो, चिकन.’ मग गाडीत बसल्यावर होंग गप्प झाला. म्हणाला, ‘आई, मला वाटत होतं माझ्यासाठी आलीस.’ तुम्ही एक माणूस दुखावलात, मी एक.

त्या अळकुड्या मी चाखल्या होत्या. मीठ कमी होतं.

आता माझी मजा ऐका. नातू मला सोडत नाही म्हणाले ना? तो शाळेतून येतो, ‘हाय’ म्हणतो आणि वर जातो. गेल्या महिन्यात चायनाटाउनच्या दुकानात खालच्या फळीवर आपल्या हिरव्या बरण्या दिसल्या. ‘त्सुन ली’, अर्ध्या किमतीत. दुकानदार म्हणाला, ‘कंपनी बंद झाली, आजी, शेवटचा माल आहे.’ मी सगळ्या घेतल्या. अकरा. पलंगाखाली ठेवल्यात. खात नाही. बरणीतलं माझ्या सुरीचं काम कोणतं ते मला काचेतून दिसलं असतं, पण आपल्या बरण्या पडल्या मातीच्या. तरी कधीकधी एखादी काढून मांडीवर घेते. जड आहे. बरं वाटतं.

थंडी आहे म्हणून बाहेर जाता येत नाही. भिंतीतलं यंत्र गरम हवा सोडतं आणि मग थांबतं. दिवसभरात तेवढाच आवाज.

न्यायाधीश काय म्हणतात ते कळवा.

याउ-मुई


ताई कोक च्युई
२० जानेवारी १९९४

वहिनी,

कंपनी जिवंत झाली. परवा, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

तुमचा कागद ७ डिसेंबरलाच पोचला होता. यिप बाईंनी अर्ज टाकल्यावर औ साहेबांनी शेवटची सभा पुढे ढकलली. त्यांनीही हरकत नसल्याचं लिहून दिलं. म्हणाले, ‘माझ्या धंद्यात कुणी परत उठत नाही. मलाही बघायचंय.’

न्यायाधीश गोरे, चेहरा लाल, नाक लांब. यिप बाईंनी कागदात शहाणपणाने लिहिलं होतं: भागीदारांमधला गैरसमज. न्यायाधीश म्हणाले, ‘कसला गैरसमज?’ बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी कोंबडी सांगितली. इंग्रजीत ती कशी वाटली देव जाणे. न्यायाधीशांनी चष्मा काढला. कोर्टातले चिनी कारकून होते, त्यांच्यापैकी कुणी हसलं नाही. तेच न्यायाधीशांना खटकलं असावं.

दुभाष्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं, ‘हे खरंच असं असतं का?’

ते उभे राहून म्हणाले, ‘महाराज, मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे, मला कुणी काढू शकत नाही. तरी दर वर्षी जेवणाला मी आधी कोंबडी बघतो आणि मग बसतो.’

न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाले, ‘ही कंपनी कुणाचं काही देणं लागत नाही, असं कागद सांगतात. मला वाटतं, सेतो साहेब एका बाईंची माफी देणं लागतात, पण ते वसूल करणं या कोर्टाच्या कक्षेत नाही.’ आणि हुकूम दिला: मोडणं रद्द.

माफी मागतो, वहिनी. हुकूम नसतानाही.

औ साहेबांनी किल्ल्या परत दिल्या. रखवालदाराची नोकरी संपली म्हणून आठ दिवसांचा पगार हातावर ठेवला. पाटी मी स्वतः लावली. गिलाव्याचा खड्डा तिच्याआड झाकला गेला.

नवं वर्ष १० फेब्रुवारीला. आठव्या दिवशी, मुहूर्तावर, दरवाजा उघडतो. तुम्ही याल का, असं विचारत नाही. विचारतो.

पिंग-कुन


स्कारबरो
२ फेब्रुवारी १९९४

भावजी,

होंगला मी न्यायाधीशांचं बोलणं वाचून दाखवलं. तो हसला. मग सुनेला इंग्रजीत सांगितलं, तीही हसली. नातू वरून खाली आला आणि ‘काय झालं?’ म्हणाला. त्याला सांगायला होंगला दहा मिनिटं लागली. तो माझ्या खोलीत पहिल्यांदाच बसला. पलंगाखालच्या बरण्या त्याने मोजल्या.

येणं होणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं आहे. आणि आता मी परत निघाले तर होंग पुन्हा गप्प होईल. एका माणसाला दोनदा दुखवू नये. यायचं होतं. तेवढं समजून घ्या.

सोबत माझी सुरी पाठवते आहे. लाकडी मूठ, डाव्या बाजूला झिजलेली. शेजारच्या बाईंचा जावई तिकडे चाललाय, तो आणून देईल. माझ्या स्टुलावर ठेवा. कुणी चांगलं सोलणारं आलं तर तिला वापरू द्या. आलं नाही तर तशीच असू द्या.

वर्षअखेरचं जेवण पुन्हा पडवीत करा. लाकडी टेबलावर. आणि घाबरून बिनडोक्याची कोंबडी मागवू नका, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. डोकं आणि शेपूट दोन्ही हवं, नाहीतर कामाला शेवट राहत नाही.

आठव्या दिवशी काय झालं ते लिहा. फाटकात उभं राहून हाक मारलीत का? चाळीस आल्या का?

याउ-मुई


ताई कोक च्युई
१७ फेब्रुवारी १९९४

वहिनी,

सुरी काल मिळाली. आज पहाटे तिला धार लावली आणि स्टुलावर ठेवली.

सगळ्यांना पंधरा दिवस आधी निरोप धाडले होते. सान काकूंनी अळकुड्यांची गोष्ट घरोघरी सांगितली होती. कोणी म्हणालं नातवंडं आहेत. कोणी सीमेपलीकडे शेन्झेनला नव्या कारखान्यात लागली. एक म्हणाली, ‘खरं असेल हो, पण कोंबडी ती कोंबडी.’ कढया तापवून ठेवल्या. पाकाला साखर काढून ठेवली. शकुनाची लाल पाकिटं चाळीस केली होती, प्रत्येकात वीस डॉलर. पूर्वेकडचा दरवाजा उघडला, फटाक्यांची माळ लावायला सरकारची बंदी आहे म्हणून तोंडानेच ‘फट’ म्हणालो. भातवाला टाळ्या वाजवून आत पळाला.

सात वाजता फाटकात उभा राहिलो. हाक मारली. आवाज अजून पूर्वीसारखाच आहे, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जातो.

दोघी आल्या. सान काकू आपली सुरी घेऊन आल्या आणि तुमच्या स्टुलाशेजारी, त्यावर नाही, बसल्या. दुसरी आपली फुलाफुलांची छत्री न्यायला आली होती.

पिंग-कुन